घरचा माणूस असताना आम्ही गुत्तेदार बाहेरचं लेबर का लावतो?

ओळंबा (लातूर)

मागच्या पंधरवड्यात गावी गेलो होतो. गाव औसा तालुक्यात. पारावर बसलेलो असताना चुलतभावानं चारचौघांत विचारलं, "तुझ्या साइटवर 22 माणसं. त्यात आपल्या गावचा एक बी नाही. आपली पोरं काय वाईट हैत का?" मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. चहा पिऊन उठलो. लातूरला पोचेपर्यंत तेच डोक्यात होतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

मी लहान गुत्तेदार. वर्षाला 3-4 बंगले, कधी एखादी तीन मजली इमारत. वडील गवंडी, मूळचं काम दगडाचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगड-मातीच्या घरांची माळवदं झोपेतल्या माणसांवर आली, तेव्हा मी तिसरीत होतो. पुढं काही वर्षं पुनर्वसनाची कामं चालली. कॉलम, बीम, सळईचा सांगाडा वडील तिथंच शिकले. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. साइटवर सगळी ओळखीची माणसं असायची. शेजारच्या गावचे गवंडी, दगडाला वडार कारागीर, तांड्यावरच्या नवरा-बायकोच्या जोड्या, घमेली वाहणाऱ्या मावश्या. वडिलांचा डबा कमी पडला तर कुणाच्याही भाकरीला हात घालता यायचा.

आज माझ्याकडं सेंट्रिंगला (स्लॅबचा साचा उभारायला) 8 जण बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातले, सळई बांधायला 5 झारखंडचे, प्लास्टरला आणि मालाला 6 बिहारचे, फरशीला 3 राजस्थानचे. झाले 22.

लोक म्हणतात, स्वस्त पडतात म्हणून लावता. माझ्या वहीत तरी तसं दिसत नाही. आपल्या बिगाऱ्याला मी दिवसाला 600 रुपये हजेरी देत होतो, बाहेरच्याला 550 देतो. पण त्यांच्या खोलीचे पत्रे, लाइट, टँकर, गॅसची टाकी, मुकादमाचं माणसामागं ठरलेलं कमिशन हे सगळं माझ्यावर. महिन्याच्या शेवटी आकडा जवळपास तोच येतो.

खरं कारण मला 2 वर्षांपूर्वीच्या एका स्लॅबनं दाखवलं. औसा रोडला बंगल्याचा 1,800 चौरस फुटांचा स्लॅब. चार गावांतून आलेली 16 माणसं, सगळी आपली. सकाळी 7 ला नारळ फोडला. दुपारी 3 ला मिक्सरचा गिअर तुटला. वर्कशॉपवाला येऊन दुरुस्ती होईपर्यंत साडेपाच वाजले. स्लॅबचा तिसरा हिस्सा अजून बाकी आणि सव्वासहाची एसटी शेवटची. माणसं हातपाय धुवायला लागली. जादा पैसे देतो म्हणालो, जेवण मागवतो म्हणालो. एकजण म्हणाला, "मालक, म्हशीची धार कोण काढणार?" त्याचं काही चुकलं नव्हतं. 9 जण गेले. राहिलेल्या 7 जणांना घेऊन रात्री साडेअकरापर्यंत मी स्वतः घमेली उचलली. बॅटरीच्या उजेडात दुपारच्या कडेवर सळईचं टोक दाबून बघितलं, रुतेना. वरची चकाकी कधीच गेली होती. सिमेंटचं पाणी शिंपडून पुढचा माल जोडला, पण तो सांधा जुळला नाही. मृगाच्या पहिल्याच पावसात हॉलच्या छताला आडवी ओली रेघ उमटली. वॉटरप्रूफिंगचे पैसे मी भरले. घरमालक अजून माझ्याशी सरळ बोलत नाहीत.

त्यानंतरचा स्लॅब मालद्याच्या आणि बिहारच्या पोरांनी रात्री 2 पर्यंत ओतला. कुणी घड्याळ बघितलं नाही. त्यांना जायचंच कुठं नव्हतं, त्याच इमारतीत खाली झोपले.

मी बाहेरचं लेबर लावतो ते यासाठी. संध्याकाळी ज्याला घरी जायचं नाही, असा माणूस मला लागतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं हेच आहे. इथं गुत्तेदार आहेत, कामगार आहेत, घर बांधलेले आहेत. तुमचा अनुभव सांगा.

अंबाजोगाई_घरबांधणी

दादा, मी घर बांधताना मुद्दाम ओळखीचेच लोक घेतले. काम जीव लावून केलं. पण ऑक्टोबरात सोयाबीन काढणी सुरू झाली तसे 3 आठवडे एकही फिरकला नाही आणि आमचं भाड्याच्या घराचं भाडं चालूच. तरी पुन्हा बांधायची वेळ आली तर त्यांनाच बोलावीन. बाथरूमचा कोपरा झिरपला तेव्हा एका फोनवर आले, चहावर काम करून गेले. फरशी मात्र राजस्थानच्या टोळीकडून बसवली होती, त्यांचा नंबर आता लागत नाही.

थापी_रंधा (रेणापूर)

ओळंबा दादा, तुम्ही खरं लिहिलंय पण अर्धंच लिहिलंय. राग मानू नका.

मी 19 वर्षं झाली गवंडीकाम करायलो. एसटीचं खरं हाय, म्हशीचं बी खरं हाय. पण अजून एक हाय, ते कुणी गुत्तेदार बोलत नाही. मी आठवड्याला पगार मागतो. बाजाराच्या दिवशी घरात पैसा लागतोच. तेल-मीठ, पोरांच्या वह्या, बायकोच्या बचत गटाचा हप्ता. बाहेरच्या माणसाला तुम्ही आठवड्याला 500-1,000 खर्ची देता, बाकीचा हिशेब गावी जाताना. चार-पाच महिने त्याचे 30-40 हजार तुमच्याकडं पडून ऱ्हातेत, बिनव्याजी. अशी 20 माणसं धरा आणि किती होतेत ते बघा. पैसा अडकलेला असतोय म्हणून तो मधीच काम सोडून बी जात नाही. सिमेंटवाल्याची उधारी, सळईवाल्याची उधारी, तशीच ही मजुराची उधारी. फरक इतकाच की सिमेंटवाला तगादा लावतो, हा लावत नाही.

दुसरं. माझे पैसे कुणी बुडवले तर मी त्याच्या दारात जाऊन बसतो. त्याचं घर मला माहीत, सोयरे माहीत. एका गुत्तेदारानं आम्हा तिघांचे 11 हजार ठेवले होते. सहा महिने हेलपाटे घातले. शेवटी त्याच्या पोरीच्या साखरपुड्याला गेलो, मांडवाच्या कडेला गुमान उभे राहिलो. एक शब्द बोललो नाही. त्यानं तिथंच खिशातून काढून दिले. मालद्याचा माणूस असा कुणाच्या मांडवात जाईल सांगा बरं? त्याला पोलीस पाटील कोण ते माहीत नाही, बोली नीट येत नाही.

आम्हाला आळशी म्हणतेत. पोरगी तापानं फणफणली म्हणून 2 दिवस गेलो नाही, तिसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा. बाहेरच्याची बी पोरगी आजारी पडत असंल. तो जाऊ शकत नाही इतकंच.

नायगावकर (सध्या पुणे)

थापी_रंधा भाऊ, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आता माझं ऐका.

मी नांदेड जिल्ह्यातला, 7 वर्षं झाली पुण्यात वाकडच्या बाजूला साइटवर आहे. आधी बिगारी, आता प्लंबिंगचं काम शिकलो. इथल्या लेबर कॅम्पात पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. एका बाजूला छत्तीसगडची माणसं, एका बाजूला आम्ही नांदेड, परभणी, हिंगोलीवाले. इथला ठेकेदार माझ्यासमोर दुसऱ्या ठेकेदाराला फोनवर सांगत होता, "मराठवाड्याची माणसं घे. कष्टाला वाघ, सुट्टी मागत नाहीत." मी गावात होतो तेव्हा हेच हातपाय होते. तेव्हा मला कुणी वाघ म्हटलं नाही. गावात असताना मी पेरणीला जायचो, मयतीला जायचो, माळेगावच्या जत्रेला चार दिवस जायचो. इथं आल्यापासून चुलत्याच्या मातीलाही जाता आलं नाही. रात्री 11 ला काँक्रीटची गाडी आली तरी उठतो.

म्हणजे लातूरच्या गुत्तेदाराला मालद्याचा माणूस पाहिजे आणि पुण्याच्या ठेकेदाराला आमच्या नायगावचा. बिहारी चांगला का मराठी चांगला हा वाद मला तरी निरर्थक वाटतो. मालद्याच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या तालुक्यात कोण कामावर घेत असेल, हे मला एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

शेंद्रा_इंजिनिअर (छ. संभाजीनगर)

मोठ्या साइटवर गणित थोडं वेगळं असतं, ते मांडतो.

आम्ही माणूस घेतच नाही, टोळी घेतो. काम चौरस फुटावर किंवा टनावर उक्तं दिलेलं असतं. सेंट्रिंगचा मुकादम एका फोनवर 40 माणसं उतरवतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या जागी कुणाला बसवायचं ते तो बघतो. मला एकाच माणसाशी बोलायचं असतं. आपल्याकडची माणसं एकेकटी येतात. मुकुंदवाडीच्या नाक्यावर सकाळी चक्कर मारा, दीडशे माणसं उभी असतात, पण त्यातून 40 जणांची टोळी बांधून "हा मजला माझा" म्हणणारा भेटत नाही. ऊसतोडीत आपल्याकडं मुकादम आहेत, बांधकामात ते फार तयार झाले नाहीत.

घाईचंही कारण आहे. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि जॅक दिवसाच्या भाड्यानं असतात. बिल्डरचं कर्जाचं व्याज थांबत नाही. 2017 ला महारेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) आल्यापासून ताबा देण्याची तारीख लिहून द्यावी लागते, उशीर झाला तर ग्राहक व्याज मागू शकतो. हे व्हायला हवंच होतं, घर घेणाऱ्यांचे फार हाल होत होते. पण वरून आलेला तो सगळा दाब खाली येऊन कामगाराच्या रात्रीवर पडतो.

आणि कौशल्य. मालद्याचा पोरगा काकाबरोबर येतो, दोन वर्षं प्लेटा उचलतो, तिसऱ्या वर्षी नकाशा वाचतो. आमच्या साइटवरच्या जुन्या मराठी मिस्त्रींना मी विचारलं, पोराला का नाही आणत? एकानं सांगितलं, "साहेब, माझे गुडघे बघा. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याला मी थापी धरू देणार नाही." त्याला मी काय बोलणार?

एक गोष्ट लिहू का नको असा विचार करत होतो. पूर्वी ज्या साइटवर होतो तिथं एक पोरगा लिफ्टच्या डक्टमध्ये पडला. झारखंडचा होता. त्याचे वडील येईपर्यंत 3 दिवस गेले. ते आले, त्यांना भाषा कळेना, जे कागद पुढं केले त्यावर अंगठा दिला, ॲम्ब्युलन्समधून पोराला घेऊन गेले. काम एकच दिवस बंद होतं. तो पोरगा पैठण किंवा फुलंब्रीचा असता तर संध्याकाळपर्यंत गेटवर 200 माणसं असती आणि डक्टला जाळी बसल्याशिवाय काम सुरू झालं नसतं. जाळी पुढंही बरेच दिवस बसली नव्हती. मी तेव्हा नवा होतो, बोललो नाही. ते अजून टोचतं.

केजची_लेक

मी बीड जिल्ह्यातली, आता शिक्षिका आहे. आईवडील 16 वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला होते. ओळंबा दादांचं वाक्य, "संध्याकाळी ज्याला घरी जायचं नाही असा माणूस", हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. साखर कारखान्यांना आमची माणसं याचसाठी लागतात. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याच्या शिवारात माणसं कमी आहेत का? पण रात्री 3 ला गाडी भरायला उठणारा माणूस पालावरच भेटतो, घरात झोपलेला भेटत नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघायचं, पाडव्याच्या आसपास परतायचं. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. थापी_रंधा दादा म्हणाले तसा मालद्याच्या माणसाचा पैसा गुत्तेदाराकडं अडकतो. आमचा उलटा, आमच्या अंगावर मुकादमाचा पैसा अडकलेला असायचा. जाता येत नाही हे दोन्हीकडं सारखं.

पण मला वेगळंच विचारायचं आहे. या सगळ्या चर्चेत बायका कुठं गेल्या? कोयता थकल्यावर माझी आई अंबाजोगाईला बांधकामावर घमेली वाहायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर घमेलं, शिडीवर एका हातानं धरून. दोन मजले चढून उतरून पुन्हा खाली हात पुढं. मापं तिला तोंडपाठ होती, किती घमेल्यांना किती सिमेंट हे मिस्त्री तिलाच विचारायचा. मिस्त्री ती कधी झाली नाही, ते सोडा. पण हजेरी होती. पुरुषाच्या हजेरीपेक्षा शंभर-दीडशेनं कमी, तरी रोज हातात पडायची. आता बाहेरच्या टोळ्या सगळ्या पुरुषांच्या. माल लिफ्टनं चढतो, काँक्रीट पंपानं येतं. आमच्या गल्लीतल्या 6-7 बायका सांगतात की नाक्यावर उभं राहिलं तर फक्त साफसफाईला आणि पाणी मारायला बोलावतात, तेही महिन्यातून चार दिवस. "लेबर मिळत नाही" असं जेव्हा म्हणतात तेव्हा या बायका मोजल्या जातात का?

बालाघाट_77

लांबड कशाला? सवलती घेणाऱ्या उद्योगांत 80 टक्के स्थानिक घ्यावेत असं राज्याचं धोरण आहेच. तेच बांधकामाला लावा. बाहेरच्यांना परत पाठवा. महिन्याभरात आपली पोरं कामावर दिसतील.

रंगारी_नांदेड

बालाघाट दादा, मी नांदेडमध्येच जन्मलो, मराठी शाळेत शिकलो. वडील गोरखपूरकडचे, पेंटर. 1998 ला मनमाडला गाडी बदलून इथं उतरले, वय 17. त्यामुळं "परत पाठवा" वाचलं की मला नक्की कुठं पाठवणार ते कळत नाही. भांडायला आलो नाही, जे पाहिलं ते सांगतो.

वडिलांची पहिली 5 वर्षं एका गोदामात गेली. पत्र्याची खोली, 11 जण. दोन पाळ्यांत झोपायचे. मे महिन्यात पत्रा इतका तापायचा की रात्री पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर अंथरूण. ते सांगतात, मालक चांगला होता, मारायचा नाही. चांगला मालक म्हणजे काय, याचं त्यांचं माप एवढंच होतं. आता त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे, माझ्या बहिणीची दहावी झाली. त्यांच्या हाताखाली 5 जण आहेत, त्यातले 3 हदगाव तालुक्यातले. गंमत बघा, घर झाल्यापासून तेही रात्रीचं काम घेत नाहीत. आठवड्याला पैसे मागतात. परवा एका ठेकेदारानं त्यांना ऐकवलं, "तुम्ही आता इथल्यासारखे झालात." आणि त्या ठेकेदारानं नवीन पोरं मागवली, थेट गावाकडून.

आणखी एक. 8 मे 2020 ला, लॉकडाउनमध्ये, करमाडजवळ रेल्वेरुळांवर 16 जण मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या स्टील कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेले, रात्रभर रुळांनी चालून थकले आणि तिथंच झोपले. त्यांच्या पोळ्या रुळांवर पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. म्हणाले, "यांना थांब म्हणणारं एक घर वाटेत नव्हतं." जाता येत नाही म्हणून ज्यांना कामावर घेतलं, त्यांना जायची वेळ आली तेव्हा गाडीच नव्हती.

बालाघाट_77

दादा, तुमच्यासाठी नव्हतं ते. माझा भाऊ तीन वर्षं घरी बसून आहे, त्या रागात लिहिलं. शब्द मागं घेतो.

वकील_परभणी

कायद्याचं थोडं लिहितो, कारण या धाग्याच्या मुळाशी ते आहे असं मला वाटतं.

1979 ला केंद्रानं आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. 5 किंवा अधिक परराज्यातले कामगार आणायचे तर ठेकेदाराला परवाना. स्थानिक कामगाराला जे काम, जी मजुरी, तीच यांना. राहण्याची सोय, येण्या-जाण्याचं भाडं, प्रवासाच्या दिवसांचीही मजुरी. वर विस्थापन भत्ता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा, जो नंतर कापून घ्यायचा नाही. आता हा हिशेब मांडून बघा. तो कायदा पाळला असता तर बाहेरचा कामगार स्थानिकापेक्षा महाग पडला असता. कायदा करणाऱ्यांनी माणूस घरापासून तोडण्याची किंमत लावली होती. ती किंमत कुणी दिली असती तर ओळंबांना बिहारची टोळी परवडलीच नसती. माझ्या वकिलीच्या 14 वर्षांत विस्थापन भत्ता मिळालेला एकही कामगार मला भेटलेला नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, हा कायदा त्यात सामावला गेला आणि विस्थापन भत्ता वगळला गेला.

1996 च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यांखाली बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर ठरला. त्यातून कल्याणकारी मंडळ चालतं. शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघाती मृत्यूची मदत, सुरक्षा संचाची पेटी. नोंदणीला अट एकच अडते: मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. थापी_रंधा, तुम्ही हा दाखला ग्रामसेवकाकडूनही घेऊ शकता, घेतला नसेल तर घ्या. मालद्याचा माणूस कुणाकडून घेणार? 40 दिवस लातूर, 30 दिवस सोलापूर, मग हैदराबाद. प्रत्येक गुत्तेदार म्हणतो, माझ्याकडं 90 भरले नाहीत. खरंच भरलेले नसतात.

ओळंबा, दाखल्यावर सही करायला गुत्तेदार का घाबरतात, हे तुम्ही सांगू शकाल का? मला कळलेलं कारण एवढंच की सही केली तर तो आपला माणूस होता हे कबूल होतं.

ओळंबा (लातूर)

वकील साहेब, कारण तेच आहे. मी आजवर 4 दाखल्यांवर सही केली, चारही सोयऱ्यांच्या. बाकीच्यांना "बघू" म्हणालो.

काल रात्री सगळा धागा दोनदा वाचला. थापी_रंधा भाऊ, तुम्ही माझी वही उघडून बघितल्यासारखं लिहिलंत. आज सकाळी बसून बेरीज केली. 22 माणसांची माझ्याकडं राहिलेली रक्कम 3 लाख 70 हजार निघाली. इतके दिवस मी ती बेरीज कधी केलीच नव्हती, एकेकाचं पान वेगळं होतं. त्यातून मी गेल्या महिन्यात सळई उचलली. बँकेकडं गेलो असतो तर तारण, व्याज, कागद. यांच्याकडून न विचारता घेतले.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. आपली माणसं माझ्याकडून एकदम गेली नाहीत. 2016 आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. प्यायलाच नव्हतं तर विटा भिजवायला आणि स्लॅबवर मारायला कुठलं? माझी चारही कामं बंद पडली. वडिलांच्या काळापासूनचे 2 मिस्त्री, 9 बिगारी घरी बसले. तीन महिने त्यांना काही देऊ शकलो नाही. ते पुण्याला गेले, कुणी चाकणला, कुणी वाघोलीला. पाऊस झाला, काम सुरू झालं, मी फोन केले. एक मिस्त्री म्हणाला, "पोरांची नावं इथल्या शाळेत घातली, आता कसं यायचं." मग एकानं मुकादमाचा नंबर दिला. 4 दिवसांत माणसं उतरली. तेव्हापासून बाहेरची माणसं वाढत गेली, आणि औसा रोडच्या त्या स्लॅबनंतर मी गावाकडं फोन केलाच नाही. माणूस मिळत नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो, पण त्या स्लॅबनंतर मी शोधलेला नाही, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

नायगावकर, माझे ते 11 जण तुमच्याच कॅम्पात असतील कदाचित.

केजच्या ताई, बायकांबद्दल तुम्ही विचारलंत त्याला माझ्याकडं उत्तर नाही. माझ्या साइटवर आज एकही बाई नाही. पाणी मारायलाही बिहारचाच पोरगा ठेवलाय.

आता त्या स्लॅबचं. मी कागदावर मांडलं. माझ्याकडं महिन्याला मोठा स्लॅब एक किंवा दोन. बाकीचे 28 दिवस काम सहाला थांबतं, त्यात रात्री राहणारा माणूस लागतच नाही. म्हणजे महिन्याच्या दोन रात्रींसाठी मी 22 माणसं घरापासून लांब ठेवलीत. स्लॅबच्या रात्री माणसांना गावी सोडायला जीप केली तर फार तर दोन-अडीच हजार. त्या गळक्या सांध्याला मला 38 हजार गेले. तेव्हा एसटी गेली म्हणून कपाळावर हात मारून घेतला, जीप सांगावी हे सुचलं नाही.

आहेत त्या पोरांना मी काढणार नाही. त्यांचा मागचा हिशेब या महिन्यात चुकता करतोय, आणि पुढं दर शनिवारी पूर्ण पैसे. मुकादम नाराज आहे. म्हणतो, असं केलं तर अर्धे पळतील. पळाले तर पळाले. पुढच्या पंधरवड्यात बार्शी रोडला नवीन काम चालू होतंय, पायाचं खोदकाम झालंय. तिथं बांधकामाला आणि प्लास्टरला इथली माणसं घ्यायची आहेत. 2 मिस्त्री, 6 बिगारी. सोयाबीनचे 3 आठवडे सुट्टी धरूनच तारीख दिली आहे, घरमालकांना तसं आधी सांगितलं. सव्वा महिना जास्त लागेल, ते म्हणाले चालेल.

थापी_रंधा भाऊ, तुम्ही याल का?

शेंद्रा_इंजिनिअर (छ. संभाजीनगर)

शनिवारच्या पगाराचं काय होतं ते इथं नक्की लिहा. आमच्याकडं मी हे बोललो तर मला वेड्यात काढतील, पण तुमचे आकडे दाखवता येतील. आणि नवीन कामावर डक्ट, जिन्याची पोकळी पहिल्या दिवसापासून झाका. जाळी महाग नसते.

थापी_रंधा (रेणापूर)

येतो की दादा. पण आधी बोलून घेऊ. हजेरी मिस्त्रीला 950, आठवड्याला रोख. पहिल्या महिन्यातच 90 दिवसांच्या कागदाची वही चालू करा, रोजच्या रोज सही, नंतर "बघू" नको. माझ्यासंगं एक मिस्त्री आणि 4 पोरं हैत. त्यातलं एक बारावी नापास, हात चांगला हाय, त्याला मी ओळंबा धरायला शिकवायलो.

केजची_लेक

दोन बिगारी अजून पाहिजेत ना दादा? रेणापूरच्या बाजूला बचत गटात बायका आहेत, दोघी पूर्वी बांधकामावर होत्या. हजेरी पुरुषाइतकीच द्यायची असेल तर नंबर देते.

ओळंबा (लातूर)

950 मान्य. वही आजच आणतो. ताई, बिगाऱ्याची हजेरी 600, बाई असो की बाप्या. नंबर मला निरोपात पाठवा. फक्त साइटवर संडास पत्र्याचा आणि एकच आहे, सोमवारपर्यंत दुसरा उभा करतो.

थापी_रंधा (रेणापूर)

स्लॅबच्या रात्री जीप बाहेरून सांगू नका. आमच्या गावातल्या पोराची काळी-पिवळी हाय, डिझेल आणि 500 वर येतो. रात्री 2 वाजले तरी थांबंल, त्याचा भाऊच त्या चार पोरांत हाय.